दुकान गणपतीपुळ्याला, बिऱ्हाड कोठे?

रत्नागिरीच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात बसून आमची तीस वर्षे गेली. पूर्वी गिऱ्हाईक गल्ल्यासमोर बसले की पावसाचे, आंब्याचे किंवा मुंबईच्या भावांचे बोलणे निघे. आता कापड फाडून होण्याच्या आत जागेचे बोलणे निघते. "गणपतीपुळ्याकडे एखादा तुकडा आहे का बघण्यात? खाली गाळा काढू, वर राहू." आखातातून परतणारा तरुण हेच विचारतो, मुंबईची नोकरी संपवून गावी येणारा गृहस्थ हेच विचारतो आणि दुसऱ्याच्या दुकानात मशीन चालवून कंटाळलेला शिंपीही हेच विचारतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात हाच प्रश्न आमच्या घरात आला. आमचा भाचा चौदा वर्षे कुवेतला नोकरी करून कायमचा परतला. एका दलालाने त्याला समुद्राची गाज ऐकू येईल अशी जागा दाखवली होती. आठ दिवसांत इसारा द्यायचा, नाही तर पुण्याची पार्टी तयार आहे, असे सांगितले होते. भाचा रात्री घरी आला आणि म्हणाला, "मामू, तुम्ही नुसते हो म्हणा, बाकी मी बघतो." चौदा वर्षांची कमाई, म्हातारी आई, दोन शाळकरी मुले आणि मुदत आठ दिवसांची. आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आमची जुनी खातेवही काढून त्याच्यासमोर ठेवली. त्या रात्री जे बोललो तेच आज व्यापारी व कारागीर बांधवांसमोर मांडत आहोत.

आमचा स्वतःचा अनुभव

२००८ साली दिवाळीच्या तोंडावर आम्ही पुळ्याजवळ अकरा महिन्यांच्या कराराने एक गाळा घेतला व मागेच दोन खोल्यांत बिऱ्हाड केले. हिशेब सोपा वाटला होता. सुट्टीत हजारो माणसे येतात, त्यातील शंभरांनी एकेक कपडा घेतला तरी पुष्कळ झाले. पहिली चूक मालात झाली. आम्ही शहरातल्या सवयीप्रमाणे सुटिंग-शर्टिंगचे तागे व ड्रेस मटेरियल भरले. पर्यटक समुद्रात उतरतो, भिजून वर येतो आणि त्याच्याजवळ दुसरा कपडा नसतो. त्याला टॉवेल, अर्धी चड्डी, मुलांचे फ्रॉक व स्वस्त टी-शर्ट हवा असतो. तागे तसेच राहिले व टॉवेल दोन दिवसांत संपले. ही चूक सुधारता आली. बिऱ्हाडाची चूक मात्र सुधारायला दोन वर्षे लागली.

खातेवही असे सांगते की वर्षाच्या विक्रीतील निम्म्याहून अधिक विक्री दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा व मे महिना या तीन तुकड्यांत झाली. शनिवार-रविवार बरे जात. अंगारकीला गर्दी प्रचंड होई, पण ती गर्दी दर्शन घेऊन त्याच दिवशी परतणारी. तिच्याकडून चहावाल्याचा व नारळवाल्याचा धंदा होतो, कापडवाल्याचा फारसा नाही. जूनची सात तारीख उलटली की रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नसे. भाडे मात्र बारा महिन्यांचे होते.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले. आमच्या गाळ्यावरचे पत्रे उचकटले आणि हंगामासाठी नुकताच भरलेला माल भिजला. खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड धुऊन वाळवले तरी त्याचा हात बदलतो. ते पहिल्या भावाने विकता येत नाही. मिरकरवाड्यातील व अन्य बंदरांतील मच्छीमारांनी त्या वादळात जे गमावले त्यापुढे आमचे नुकसान काहीच नव्हते, हे आम्ही जाणतो. पण त्या दिवशी दुकान व घर दोन्ही एकाच छपराखाली होते, म्हणून दोन्हींचे नुकसान एकाच वेळी झाले. २०१० च्या पावसाळ्यापूर्वी आम्ही बिऱ्हाड शहरात परत आणले. आज पुळ्याच्या दोन दुकानदारांना आम्ही हंगामात ठोक माल देतो. धंदा तेथेच आहे, फक्त आम्ही तेथे राहत नाही.

पर्यटकांचे वर्ष आणि कापडवाल्याचे वर्ष

पर्यटकांचे वर्ष ऑक्टोबरपासून मेपर्यंत. मच्छीमाराचे वर्षही जवळपास तसेच, कारण राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. म्हणजे किनाऱ्यावर ज्या दोन महिन्यांत पर्यटक नसतो, त्याच दोन महिन्यांत मच्छीमाराच्या हातातही पैसा कमी असतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या दुकानदाराने हे लक्षात घेतलेच पाहिजे.

कापडवाल्याचे वर्ष निराळे आहे. त्याला लग्नसराई, गणपती, दिवाळी, शिमगा आणि ईद यांवर चालावे लागते. त्यातही ईद एका जागी थांबत नाही; चंद्राच्या हिशेबाने ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २०१६ साली रमजान ईद जुलैत आली, २०१८ साली जूनच्या मध्यावर, २०२५ साली मार्चच्या शेवटी. म्हणजे आमच्याच कारकिर्दीत ती भर पावसात होती आणि आता उन्हाळ्याच्या तोंडाशी आली आहे. २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीत येईल, म्हणजे ऐन पर्यटन हंगामात. ईद जुलैत होती तेव्हा शहरातील दुकानदाराचा पावसाळा भरून निघाला. जो किनाऱ्यावर बसला होता त्याच्या दुकानापर्यंत मोहल्ल्यातले गिऱ्हाईक पावसात पोहोचले नाही. घराची जागा निवडताना पुढची दहा-वीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. म्हणून ही कालगणना आम्ही मुद्दाम सांगितली.

२०२० ने आणखी एक धडा दिला. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि राज्यातील धार्मिक स्थळे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंद राहिली. २०२१ मध्ये एप्रिलपासून ७ ऑक्टोबरपर्यंत ती पुन्हा बंद होती. देऊळ बंद, समुद्रकिनारा बंद, लॉज बंद. ज्यांचे गिऱ्हाईक फक्त बाहेरचे होते त्यांचे गल्ले रिकामे राहिले. ज्यांच्या आजूबाजूला वस्ती होती त्यांनी मास्क शिवून, चादरी विकून, उधारी गोळा करून का होईना, घर चालवले. पर्यटक पाहुणा आहे. पाहुण्यावर हंगाम करावा, संसार करू नये.

कोणता भाग कसा?

रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून येणारा पर्यटक निवळी फाट्यावर वळतो; तेथून अंतर तीस-बत्तीस किलोमीटर पडते. या दोन रस्त्यांच्या मध्ये आणि आसपास राहण्याजोगे पाच भाग आहेत. प्रत्येकाचा विचार वेगळा करावा.

पहिला भाग खुद्द पुळे व त्याला लागून असलेले मालगुंड. पुळ्याला देवस्थान आहे, पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, लॉज आहेत. मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. तेथे १९९४ साली त्यांचे स्मारक झाले. मालगुंड हे नांदते गाव आहे. तेथे शाळा आहे, आरोग्य केंद्र आहे, बारमाही गिऱ्हाईक आहे. म्हणून या भागात राहायचेच असेल तर पुळ्यापेक्षा मालगुंडच्या बाजूला पाहावे. तीर्थक्षेत्राच्या गावी राहायचे तर त्या गावाचा मान राखून राहावे लागते, हेही स्पष्ट सांगतो. आम्ही राहिलो त्या घरमालकांनी सुरुवातीलाच विचारले की आवारात मांस-मच्छी शिजणार का. आम्ही त्यांचा मान ठेवला व त्यांनी आमचा. दोन वर्षांत एक वाकडा शब्द झाला नाही. पण रोजच्या जेवणाचा प्रश्न बायकामाणसांना पडतो, पुरुषांना नाही. आमच्या घरातून ही तक्रार दुसऱ्याच महिन्यात आली आणि ती रास्त होती.

दुसरा भाग किनारी रस्त्यावरील गावांचा. शिरगाव, साखरतर, कासारवेली, बसणी, आरे, वारे, नेवरे. यांतील शहराच्या बाजूची गावे शहरापासून जवळ आहेत आणि रोज पुळ्याला जाऊन परत येणेही जमते. खाडीकाठच्या गावांत आपली जुनी वस्ती आहे, मच्छीचा धंदा आहे, शेजार आहे. घराआधी शेजारी पाहावा अशी जुनी म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ वादळाच्या रात्री कळतो. मात्र रस्ता घाटवळणाचा आहे व अतिवृष्टीत दरडीची भीती असते. एस.टी.च्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून मगच दुकानाची वेळ ठरवावी. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी.चा संप पुढील एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नव्हते त्यांचे दुकान व घर यांतील वीस किलोमीटर दोनशेसारखे झाले.

तिसरा भाग रत्नागिरी शहर. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ७६ हजार होती. जिल्हा रुग्णालय, महाविद्यालये, बँका, कोर्ट, उर्दू माध्यमाची शाळा, मशिदी, कबरस्तान, मालाची ने-आण करणारे ट्रान्सपोर्ट सर्व येथे आहे. जागा महाग व लहान. राजिवडा, मिरकरवाडा यांसारख्या जुन्या मोहल्ल्यांत घरांची दाटी आहे. तेथे नवे बांधकाम म्हणजे जुने पाडूनच. तरीही ज्याचे मूल आठवी-नववीत आहे त्याने शहर सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

चौथा भाग महामार्गाच्या व रेल्वेच्या बाजूचा. कुवारबाव, मिरजोळे, हातखंबा. कोकण रेल्वे १९९८ साली राष्ट्राला अर्पण झाली. रत्नागिरीचे स्टेशन शहराबाहेर असल्यामुळे वस्ती त्या बाजूला वाढली. हातखंबा शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, महामार्गावर आहे. येथे समुद्र दिसत नाही, म्हणून पर्यटक थांबत नाही आणि दलालही कौतुक करीत नाही. पण सुरत-भिवंडीचा माल येथे लवकर उतरतो, गोदामाला जागा मिळते आणि खारी हवा कमी लागते. ठोक व्यापाऱ्यासाठी हा भाग उत्तम, असे आमचे मत आहे.

पाचवा भाग जयगडकडचा. पुळ्याच्या उत्तरेस अठरा-वीस किलोमीटरवर जयगड आहे. तेथे २००९-१० च्या सुमारास खाजगी बंदर व वीज प्रकल्प सुरू झाले. पगारदार गिऱ्हाईक हंगामावर अवलंबून नसते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते दुकानात येते. जयगडहून तवसाळला गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट आहे, त्यामुळे गुहागरची बाजू जोडली गेली. मात्र कारखान्याजवळ राहताना हवा, पाणी व रहदारी यांचा विचार वेगळा करावा लागतो. येथे भाड्याने वर्षभर राहून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.

सागरी महामार्गाबद्दल दोन शब्द. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने रस्ता न्यावा ही कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळापासून, म्हणजे १९८० नंतरच्या वर्षांपासून आपण ऐकत आहोत. खाड्यांवरचे पूल एकामागून एक होत आहेत. पण "रस्ता येणार" या शब्दावर भाव देऊ नये. आज जो रस्ता आहे त्यावरून आज पावसात किती वेळ लागतो, तेवढाच हिशेब धरावा.

पाणी, खार आणि ओल

कोकणात दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मे मध्ये त्याच गावात टँकर फिरतो. कारण कातळाच्या सड्यावर पाणी मुरून राहत नाही व किनाऱ्यालगत विहीर किंवा बोअरवेल उपसली की मचूळ पाणी चढते. म्हणून जागा दोनदा पाहावी. एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, विहिरीत दोर सोडून, पाणी तोंडात घेऊन. एकदा जुलैत, गुडघाभर चिखलातून चालत. दलाल तुम्हाला डिसेंबरमध्ये नेईल. डिसेंबरमध्ये कोकणातली प्रत्येक जागा चांगली दिसते.

कापडवाल्याला आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. समुद्राजवळ लोखंडी रॅक दोन-तीन पावसाळ्यांत गंजते व गंजाचा डाग पांढऱ्या कापडाला लागला की तो जात नाही. शटरची पट्टी कुजते, मशीनची सुई व बॉबिन गंज धरते, झिपा अडकतात. ओलीमुळे सुती कापडाला बुरशीचे काळे ठिपके येतात, घड्यांमध्ये कसर लागते. उपाय आहेत. रॅक लाकडी करावे, माल भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून हातभर वर घडवंचीवर ठेवावा, ताग्यांत डांबरगोळ्या ठेवाव्या, पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या अंगाला झड लावावी. पण सर्वांत मोठा उपाय म्हणजे साठ्याचा माल किनाऱ्यावर ठेवूच नये. दुकानात आठवड्याचा माल, गोदाम आत. जांभ्याचे घर गार असते, पण जांभा पाणी ओढतो. बाहेरून गिलावा नसलेल्या भिंतीला आतून कपाट टेकवू नये.

पुराची रेषा ही बाबही अशीच आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा कपड्याच्या दुकानांतील गठ्ठे चिखलात गेले. राजापूरच्या जवाहर चौकात पाणी येणे हे तर तेथील व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. खाडीकाठी किंवा नदीकाठी जागा घेताना शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे, "पाणी कुठपर्यंत आले होते?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्या हाताच्या वर जोते बांधावे.

कागद पाहिल्याशिवाय रुपया देऊ नये

आमच्या भागात जागेपेक्षा कागद अवघड. कारणे जुनी आहेत. येथे खोती होती, ती १९४९ च्या कायद्याने गेली. कूळकायदाही आला. लोक मुंबईला, आफ्रिकेला, आखातात गेले आणि जमिनी वाटणी न होता तशाच राहिल्या. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. माणसे कमी झाली, पण सातबाऱ्यावरची नावे वाढली. बंद घराला कुलूप एक असते आणि मालक बारा असतात.

म्हणून पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्या.

सातबारा व आठ-अ चा ताजा उतारा, तसेच जुने फेरफार स्वतः काढावे. दलालाच्या झेरॉक्सवर जाऊ नये. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदलेले मुखत्यारपत्र असल्याशिवाय इसारा देऊ नये. एका हिस्सेदाराने विकलेला "आपला भाग" नकाशात कोठेच दाखवता येत नाही.

जमीन शेतीची असेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ती सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांचे नाव एखाद्या भातखाचरावर असते व वारसनोंद राहिलेली असते. ती आधी करून घ्यावी. ज्यांनी अद्याप परदेशातील नोकरी सोडलेली नाही त्यांनी आणखी जपावे. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीयाला घर किंवा गाळा विकत घेता येतो, पण शेतजमीन, बाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. भावाच्या नावाने घेऊन पुढे भावाभावांत कोर्टकचेरी झालेली आम्ही पाहिली आहे.

घर व दुकान बांधायचे तर बिनशेतीची परवानगी आहे का, आणि सार्वजनिक रस्त्यापासून जागेपर्यंत जाण्याचा रस्ता कागदावर आहे का, हे पाहावे. "शेजारी काही बोलत नाही" हा रस्ता नव्हे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे व त्याचे नियम अलीकडे बदलत गेले आहेत. एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेण्याआधी दुय्यम निबंधकांकडे चौकशी करावी.

किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम १९ फेब्रुवारी १९९१ रोजी आला, पुढे २०११ व २०१९ मध्ये बदलला. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत तो लागतो आणि खाडीलाही त्याची झळ आहे. ग्रामीण भागात पाण्यालगतच्या २०० मीटरच्या पट्टीत नवे बांधकाम जवळजवळ होत नाही. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ही पट्टी ५० मीटर केली. आपले गाव कोणत्या वर्गात, हे मंजूर आराखड्यावर पाहावे, दलालाच्या तोंडून ऐकू नये. ज्या जागेतून समुद्र सर्वांत सुंदर दिसतो, नेमक्या त्याच जागेवर बांधता येत नाही असे पुष्कळदा निघते.

पर्यटकांना खोल्या देण्याचा विचार असेल तर निवास-न्याहारी योजनेत घर नोंदवता येते. त्यासाठी समुद्रासमोर असण्याची गरज नाही. स्वच्छ संडास, गोडे पाणी व गाडी उभी राहण्याची जागा यांना पर्यटक अधिक मोल देतो.

घरातल्यांना विचारा

आम्ही पुरुष मंडळी जागा पाहताना गाळ्याची रुंदी मोजतो. घरातली बाई पाहते की दवाखाना किती लांब, मुलगी शाळेतून एकटी येऊ शकेल का, सासूला रात्री दम लागला तर गाडी कोण काढील. भाच्याला आम्ही सांगितले, जागा पाहायला आईला व बायकोला घेऊन जा. आमच्या आपा जागेवर उभ्या राहिल्या, समुद्राकडे एकदा पाहिले आणि विचारले, "जुम्म्याला कुठे जाणार? पोरं कुठल्या शाळेत? आणि मी मेले तर मला कुठे नेणार?" दलाल म्हणाला, "आपा, व्ह्यू बघा." आपा म्हणाल्या, "व्ह्यू बघून झाला."

भाच्याचे काय झाले

इसाऱ्याची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी सातबारा हाती आला. त्यावर अकरा नावे होती. चौघे गावात, चौघे मुंबईत, दोघांचा पत्ता लागेना आणि एक शाखा तीन पिढ्यांपूर्वी केपटाउनला गेलेली. विकायला निघालेले होते फक्त दोघे. त्यात जागेचा समुद्राकडील निम्मा भाग बांधकामाच्या कामाचा नव्हता. भाचा त्या रात्री जेवला नाही. चौदा वर्षे त्याने कुवेतच्या उन्हात त्या समुद्राचे चित्र डोळ्यांसमोर ठेवले होते, हे आम्हाला कळत होते. पुण्याची पार्टी खरोखर होती की नाही ते अखेरपर्यंत कळले नाही. जागा आजही तशीच पडून आहे.

आमच्या सल्ल्याने त्याने तीन गोष्टी केल्या. किनारी रस्त्यावर शहराच्या बाजूच्या एका गावात वर्षभरासाठी घर भाड्याने घेतले. मुले शहरातील शाळेत घातली. पुळ्याच्या रस्त्यावर ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरता लहान गाळा घेतला व त्यात टॉवेल, मुलांचे कपडे, टोप्या व पावसाच्या सुरुवातीला रेनकोट ठेवले. पहिल्या हंगामात भाडे, माल व पेट्रोल जाऊन थोडे उरले, फार नाही. जूनपासून तो आमच्या दुकानात बसतो व लग्नाच्या कापडाची खरेदी शिकतो. कमाईतील बहुतेक रक्कम अजून बँकेत आहे. घर कोठे घ्यायचे हे अद्याप ठरलेले नाही. आपांचे मत खाडीकाठच्या गावाकडे झुकते आहे, त्याचे अजून पुळ्याकडे. दुसरा पावसाळा काढल्यावर ठरवू, असे दोघांनी कबूल केले आहे.

सारांश

वाचक बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे. दुकान पर्यटकांजवळ असावे, घर शेजाऱ्यांजवळ व साठा कोरड्या जागी. एक पावसाळा व एक मे महिना भाड्याने राहून काढल्याशिवाय विकत घेऊ नये. सर्व नावांच्या सह्या झाल्याशिवाय इसारा देऊ नये. मुलांची शाळा, आजाऱ्याचा दवाखाना व गोडे पाणी यांचे अंतर आधी मोजावे, समुद्राचे नंतर.

ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला. त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधला, समोर खाडी व समुद्र दिसतो. १९१६ साली तो येथेच वारला. राजा असून त्याला आपली जागा निवडता आली नाही. आपण साधे व्यापारी असून आपल्याला ती निवडता येते. मग आठ दिवसांच्या मुदतीवर ती का निवडावी? गाळा चुकला तर अकरा महिन्यांनी सोडता येतो. घर चुकले तर पुढची पिढी ते निस्तरत बसते.